पाठीत सुरू झालेलं दुखणं

मागच्या महिन्यात मी बँकेच्या कर्जाच्या कागदांवर बोलले होते. आजचा विषय इतिहासाचा आहे. मी बी. ए.ला इतिहासच घेतला होता, पण तेव्हा लढाया आणि तह पाठ केले. हा इतिहास कुणी शिकवला नाही. तो शोधायची वेळ आमच्या गटातल्या एका वहिनींमुळे आली.

वहिनींना गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होता. कळलं तेव्हाच तो पसरलेला होता. वय अडतीस. मुलगी दहावीत, मुलगा पाचवीत. ही गोष्ट सांगायला घरच्यांनी हो म्हटलंय, फक्त नाव नको म्हणालेत, म्हणून मी वहिनी एवढंच म्हणते.

गटाच्या मासिक बैठकीत त्यांचा विषय निघाला तो थकलेल्या हप्त्यावरून. कुणीतरी हळूच विचारलं, "किती दिवस सांगितलेत?" हा प्रश्न सगळेच विचारत होते. दीर विचारत होते, माहेरचे विचारत होते, शेजारीण विचारत होती, मीसुद्धा विचारला. वहिनींना मात्र कुणी काहीच विचारत नव्हतं. एकदा मी त्यांच्या खाटेजवळ बसले होते, तेव्हा त्या म्हणाल्या, "ताई, दुखतंय ते दुखतंयच. पण पोरीची घटक चाचणी झाली, तिला किती मार्क पडले, हे मला कुणी सांगितलं नाही. मी काय आत्ताच गेले का?"

मी घरी आले, पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

"किती दिवस" हा प्रश्न फक्त आपल्या गावातला नाही. डॉक्टरी विद्येनंही बराच काळ तेवढंच मोजलं. गाठ किती सेंटिमीटरची, माणूस किती महिने जगला, बस. पेशंट ते महिने कसे काढतो, याची मोजदाद करायचा एक पहिला प्रयत्न झाला तो १९४८-४९च्या सुमारास, अमेरिकेत, न्यूयॉर्कच्या डॉ. डेव्हिड कार्नोफ्स्की यांच्याकडून. त्यांनी शंभर ते शून्य अशी एक पट्टी केली. शंभर म्हणजे माणूस ठणठणीत. सत्तर म्हणजे स्वतःचं स्वतः करतो, पण नेहमीचं काम जमत नाही. पन्नास म्हणजे बरीच मदत लागते. दहा म्हणजे अखेरची घटका. शून्य म्हणजे गेला. ही पट्टी आजही कॅन्सरच्या दवाखान्यात वापरतात. खुद्द कार्नोफ्स्कीही १९६९ साली कॅन्सरनंच गेले.

पट्टी उपयोगाची आहे, नाही असं नाही. पण मला एक सांगा, "नेहमीचं काम" म्हणजे काय? आमच्या वहिनी त्या पट्टीवर चाळीस-पन्नासच्या पुढे जात नव्हत्या. तरी पडल्या पडल्या त्या सांगायच्या, तेल संपत आलंय, डब्यात तिखट कमी घाल, बारक्याला ताप वाटतोय, हात लावून बघ. हे काम कुठल्या पट्टीत धरायचं? बाईचं अर्धं काम असं आहे की ते मोजायच्या यादीतच येत नाही. जनगणनेतही आपलं हेच होतं, पण तो वेगळा विषय.

त्याच काळात लंडनमध्ये एक बाई वेगळ्या वाटेनं निघाली होती. सिसिली साँडर्स. जन्म १९१८. आधी त्या नर्स होत्या. पाठीच्या दुखण्यामुळं नर्सिंग सोडावं लागलं, मग त्या दवाखान्यात समाजसेविका झाल्या. तिथं त्यांना डेव्हिड तास्मा नावाचा पेशंट भेटला. पोलंडचा ज्यू, आणि चाळिशीतच कॅन्सरनं मरायला टेकलेला. दोघं तासन् तास बोलायची, मरणाऱ्या माणसाला कसली जागा हवी यावर. १९४८ साली तो गेला तेव्हा त्यानं सिसिलीबाईंना पाचशे पौंड ठेवले आणि सांगितलं की तुझ्या त्या घराची मी एक खिडकी होईन. घराचा तेव्हा पत्ताही नव्हता. घर उभं राहिलं १९६७ साली. सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, लंडनच्या दक्षिणेला सिडनहॅम इथं. खिडकी आधी आणि घर एकोणीस वर्षांनी.

या एकोणीस वर्षांत बाई गप्प बसल्या नव्हत्या. एका छोट्या दवाखान्यात त्या संध्याकाळी सेवेला जायच्या. तिथल्या नर्सबायका एक गोष्ट वर्षानुवर्षं करत होत्या: मॉर्फिन दुखायला लागल्यावर द्यायचं नाही, घड्याळ बघून द्यायचं. दुखणं डोकं वर काढायच्या आत पुढचा डोस. मोठमोठ्या दवाखान्यांत पेशंट कळवळून मागेपर्यंत थांबायचे, आणि इथं साध्या नर्सबायकांना हे कळलेलं होतं. सिसिलीबाईंनी ते उचललं. नर्सचं कुणी ऐकत नाही म्हणून तिशी उलटल्यावर डॉक्टरकीला प्रवेश घेतला, १९५७ साली डॉक्टर झाल्या, आणि सेंट जोसेफ्स नावाच्या हॉस्पिसमध्ये पेशंटांच्या उशाशी टेपरेकॉर्डर घेऊन बसायला लागल्या. रेडिओवर बोलताना हे सांगायला मला फार बरं वाटतं. मरणाऱ्या माणसाला काय म्हणायचंय ते त्यांनी टेप करून ठेवलं.

अशाच एका पेशंट बाईला त्यांनी विचारलं की तुमचं दुखणं कसंय ते सांगा. ती बाई म्हणाली, सुरुवात पाठीत झाली, आता माझं सगळंच बिघडलंय असं वाटतं. आणि मग ती काय बोलली? आणखी कुठं दुखतं हे नाही. ती नवऱ्याबद्दल आणि मुलाबद्दल बोलली. दोघं फार चांगले आहेत, पण माझ्यापायी त्यांना कामावरून घरी राहावं लागलं असतं, पगार बुडाला असता. गोळ्या-इंजेक्शनसाठी रडू यायचं, पण मागू नये असंही वाटायचं. आणि कुणालाच काही कळत नाहीये असं झालं होतं.

बघा, लंडनची बाई, साठ वर्षांपूर्वीची. आपल्या गावातली वाटते की नाही? मुलाचा खाडा पडेल म्हणून दुखणं गिळून बसणारी.

सिसिलीबाईंनी त्यातून १९६४च्या सुमारास एक विचार मांडला. त्याला त्यांनी नाव दिलं 'टोटल पेन', आपण म्हणू सगळं मिळून दुखणं. शरीराचं, मनाचं, घरादाराचं, पैशाचं, आणि देवाला 'मीच का' असं विचारण्याचं. या सगळ्याची एकच गाठ असते. एक दोरा ओढला की दुसरा आवळतो. म्हणून नुसती गोळी देऊन भागत नाही, आणि गोळी न देता नुसतं समजावूनही भागत नाही. हे दुसरं लक्षात ठेवा, कारण आपल्याकडे समजावणारे पुष्कळ असतात.

त्यांच्या हॉस्पिसमध्ये लहान मुलांना आई-बापाला भेटायला मज्जाव नव्हता. तिथं काम करणाऱ्यांच्या मुलांसाठी आवारातच पाळणाघर होतं, त्यामुळं मरणाच्या घरात पोरांचा आवाज असायचा. आणि एक नियम मला फार आवडला. भेटायची वेळ सकाळपासून संध्याकाळपर्यंत, पण सोमवारी भेट बंद. सोमवार ही घरच्यांची सुट्टी. का? कारण सेवा करणाऱ्या बायकोला, मुलीला स्वतःहून सुट्टी घ्यायला लाज वाटते. नियमच केला की तिला घरी झोपता येतं, बाजार करता येतो, आणि मनाला टोचत नाही.

आता आपल्याकडे येऊ. परळचं टाटा हॉस्पिटल १९४१ साली सुरू झालं. त्यामागे मेहेरबाई टाटांचं मरण आहे, त्या १९३१ साली रक्ताच्या कॅन्सरनं गेल्या. या हॉस्पिटलचा इतिहास तुम्ही ऐकला असेल. पण खेड्यातून तिथं जाणाऱ्या आईचा इतिहास कोण सांगणार? पोरं आजीकडे ठेवायची, नवऱ्यानं मजुरी सोडायची, आणि दोघांनी महिनोन् महिने मुंबईत राहायचं. राहायचं कुठं? दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेनं अशा किती कुटुंबांना आसरा दिला, त्या माणसाचं नाव घ्यावं तेवढं थोडं. ज्यांना तिथं जागा मिळत नाही त्यांचा संसार फूटपाथवर.

टाटातलेच एक सर्जन, डॉ. एल. जे. डिसूझा, यांनी १९८६ साली बांद्र्याला शांती अवेदना सुरू केलं. भारतातलं हे पहिलं हॉस्पिस. पुढे गोव्यात आणि दिल्लीतही झालं. त्याच १९८६ साली जागतिक आरोग्य संघटनेनं कॅन्सरच्या दुखण्यासाठी तीन पायऱ्यांची शिडी सांगितली. साधं दुखणं साधी गोळी, वाढलं की दुसरी पायरी, फार वाढलं की मॉर्फिनसारखं औषध. शक्यतो तोंडानं आणि घड्याळ बघून. लंडनच्या नर्सबायकांचं घड्याळ जगाच्या पुस्तकात आलं.

आणि नेमकं तेव्हाच आपल्या देशात दार बंद झालं. १९८५ साली अमली पदार्थांचा कायदा आला, त्याला एनडीपीएस म्हणतात. नशेच्या धंद्यावर वचक हवाच होता. पण शिक्षा इतक्या कडक आणि परवाने इतके, तेही वेगवेगळ्या खात्यांचे आणि ठरावीक मुदतीचे, की दवाखान्यांनी आणि औषध दुकानदारांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. देशातला मॉर्फिनचा वापर जवळजवळ ९७ टक्क्यांनी घसरला आणि १९९७ साली सगळ्या देशात मिळून तो १८ किलोवर आला. एवढ्या मोठ्या देशात १८ किलो! आणि गंमत बघा, गंमत कसली, मॉर्फिन ज्या अफूपासून होतं ती मध्य प्रदेश-राजस्थानच्या शेतात सरकारी परवान्यानं पिकते आणि परदेशात जाते. आपल्या शेतातलं औषध लंडनच्या आजीला मिळत होतं, आपल्या आजीला नाही. कायद्यात दुरुस्ती झाली २०१४ साली. आता मान्यता मिळालेल्या दवाखान्याला राज्याच्या एकाच अधिकाऱ्याकडून परवानगी पुरते. मध्ये गेली एकोणतीस वर्षं. कोण कोण कळवळत गेलं त्याची नोंद कुठल्याच वहीत नाही.

कायदा बदलला म्हणून मन लगेच बदलत नाही. वहिनींना मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. जवळच्या दुकानात मिळत नव्हत्या, जिथं उपचार चालू होते तिथूनच आणाव्या लागत. आणल्या, तर घरातल्या मोठ्यांनी डबीत घालून फळीवर ठेवल्या. "नशेची गोळी आहे, सवय लागेल, अगदी शेवटाला देऊ." अडतीस वर्षांच्या बाईला, जिच्याकडे काही महिनेच आहेत, तिला सवय लागेल! मला हसावं की रडावं कळेना. मी डॉक्टर नाही, म्हणून मी काही शहाणपण केलं नाही. नणंदेला सोबत घेऊन डॉक्टरांकडे गेले आणि त्यांच्याच तोंडून सांगायला लावलं: वेळेवर द्या, पोट साफ व्हायचं औषध सोबत द्या, डोस मनानं वाढवू-कमी करू नका. आठ दिवसांत वहिनी उशीला टेकून बसायला लागल्या. दुखणं संपलं नव्हतं, पण त्याच्याशिवाय दुसरं काही बोलण्याइतकी जागा झाली होती.

पॅलिएटिव्ह केअर म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले, असं आपल्याकडे समजतात. मराठीत त्याला उपशामक उपचार म्हणतात. २०१० साली बॉस्टनमध्ये एक अभ्यास झाला. फुप्फुसाचा कॅन्सर पसरलेले १५१ पेशंट. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्याच उपचारांबरोबर सुरुवातीपासून ही काळजी. ज्यांना ती मिळाली त्यांचं जगणं सुसह्य झालं, उदासी कमी झाली, आणि ते जगलेही जास्त, साधारण साडेअकरा महिने, दुसऱ्यांचे नऊ महिनेही भरले नाहीत. म्हणजे हे काम उपचार संपल्यावर सुरू करायचं नसतं.

बचत गटाच्या बायकांनी मात्र बॉस्टनपेक्षा केरळकडे बघावं. कालिकतच्या मेडिकल कॉलेजात १९९३ साली डॉ. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सोबत्यांनी एक संस्था काढली. पण पेशंट बसनं कालिकतला येणार कसे? मग काम गावाकडे गेलं. साधारण २०००च्या आसपास, मलप्पुरमसारख्या जिल्ह्यांत, शेजाऱ्यांचंच जाळं उभं राहिलं. शिक्षक, रिक्षावाले, घरी असणाऱ्या बायका. थोडं प्रशिक्षण घ्यायचं आणि आठवड्याला दोनेक तास द्यायचे. गावातूनच चार-चार रुपये गोळा करायचे. त्या पैशातून औषध तर येतंच, पण तांदूळही येतो, आणि पेशंटच्या पोरांच्या वह्या-पुस्तकांचा, फीचा खर्चही निघतो. २००८ साली केरळ सरकारनं यासाठी धोरणच केलं आणि पुढे पंचायती त्यात आल्या. सगळं मिळून दुखणं हे जे सिसिलीबाईंनी सांगितलं, त्यातली पोरांच्या फीची बाजू या शेजाऱ्यांनी ओळखली.

आणि त्या फीच्या बाजूलाच माझा मुख्य मुद्दा आहे. जगण्याचा दर्जा मोजायच्या मोठ्या प्रश्नावल्या १९९३च्या सुमारास आल्या. युरोपातली एक तीस प्रश्नांची आहे, ती मराठीतही झालीय. भूक लागते का, झोप येते का, दम लागतो का, आजारामुळं कुटुंबात अडचण येते का. चांगले प्रश्न आहेत. पण "तुमच्या मुलांचं काय?" असा सरळ प्रश्न त्या तिसांत नाही. तो विचारायला वेळ लागला. १९९७ साली बॉस्टनच्याच एका हॉस्पिटलात डॉ. पॉला राउश यांनी कॅन्सर झालेल्या आईबापांसाठी वेगळं काम सुरू केलं. त्यातूनच २०१२ साली आजारी आईबापाच्या काळजीची एक प्रश्नावली आली. तिचे तीन भाग. माझ्या आजारानं मुलांचं रोजचं कसं बिघडलं? मुलांच्या मनाचं काय झालं? आणि तिसरा: माझ्यामागे जो दुसरा पालक राहणार, तो मुलांना नीट बघेल का?

हा तिसरा प्रश्न वाचला आणि मी पुस्तक मिटलं. तुम्हाला वेगळं सांगायला नको.

गेल्या काही वर्षांत पसरलेला कॅन्सर असलेल्या, पदरात लहान मुलं असलेल्या बायकांचे अभ्यास झाले. त्यात दिसतं की मुलांची काळजी जितकी जास्त, तितका बाईच्या जगण्याचा दर्जा खालावलेला. आईला बरं वाटावं म्हणून काय करायचं याचं अर्धं उत्तर तिच्या मुलांपाशी आहे, हे शास्त्रात यायला एवढा काळ गेला.

या आया कोण आहेत, हे आपल्याला लांब जाऊन शोधायचं कारण नाही. शेजारच्या बार्शीत १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. आणि आपल्याच धाराशिव जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, १९९९ पासून गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी तपासणीचा मोठा अभ्यास झाला. एक लाख एकतीस हजारांवर बायका, गावोगावच्या. २००९ साली निष्कर्ष आला की एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनं पुढच्या अवस्थेतला कॅन्सर आणि मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात. जगभर हा अभ्यास सांगतात. त्यात बायका घेतल्या होत्या तीस ते एकोणसाठ वयाच्या. तीस ते एकोणसाठ! शाळेच्या पालकसभेला येऊन खाली बसणाऱ्या बायका. ज्यांची तपासणी झाली नाही, त्यांतल्याच एक आमच्या वहिनी.

आता सांगायचं की नाही, यावर. १९६१ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांना विचारलं तेव्हा शंभरातले नव्वद जण म्हणाले, पेशंटला कॅन्सर आहे हे सांगू नये. १९७९ साली तोच प्रश्न पुन्हा विचारला, तर शंभरातले सत्त्याण्णव म्हणाले, सांगावं. अठरा वर्षांत उलटं झालं. आपण अजून १९६१ मध्ये आहोत असं मला कधी कधी वाटतं. पेशंटपासून लपवायचं, आणि पोरांपासून तर लपवायचंच. "दहावीचं वर्ष आहे, तिला काही सांगू नका," असं सगळ्यांनी ठरवलं होतं. मीही त्यात होते, हे कबूल करते.

वहिनींनी ते मोडलं. गोळ्या वेळेवर सुरू झाल्यावर एका संध्याकाळी त्यांनी मुलीला जवळ बसवलं आणि सांगितलं. मुलगी म्हणाली, "मला माहितीये आई. मी तुझी फाईल गणपतीतच वाचली होती. तुला माहीत नसेल म्हणून बोलले नाही." चार महिने दोघी एकाच खोलीत झोपत होत्या.

त्यानंतरच्या दिवसांत वहिनी फार काही करू शकत नव्हत्या. पण मुलगी त्यांच्या खाटेवर बसून विज्ञानाचे धडे मोठ्यानं वाचायची, आणि वहिनी मध्येच म्हणायच्या, हे परत वाच, मला कळलं नाही. बारक्याला त्यांनी रेशन कार्ड, बँकेचं पासबुक, त्याचा जन्मदाखला कुठं ठेवलाय ते दाखवलं, कारण नवऱ्याला ते कधीच सापडलं नसतं. गटाच्या हप्त्याचा विषय आम्ही बैठकीत ठराव करून मिटवला, त्या ओझ्यानंही त्यांना झोप येत नव्हती. नणंद रात्रंदिवस उशाशी होती आणि तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं, पण उठायला तयार नव्हती. लोक काय म्हणतील.

तेव्हा मी बैठकीत बायकांना त्या लंडनच्या सोमवारची गोष्ट सांगितली. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग आमच्या अध्यक्षा मावशी म्हणाल्या, सोमवार आपल्या काय कामाचा, आपला बाजार गुरुवारी असतो. मग आम्ही गुरुवार धरला. दर गुरुवारी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा गटातल्या दोघी वहिनींजवळ, आणि नणंदेनं घरात थांबायचं नाही. पहिल्या गुरुवारी ती बाजारात गेलीच नाही, शेजारच्या घरी जाऊन दिवसभर झोपली. दुसऱ्या गुरुवारी गेली, आणि येताना भाचीसाठी भूमितीची कंपासपेटी घेऊन आली.